क्षेत्रफळाचं सूत्र पाठ आहे, पण आकार बदलला की मुलं अडतात. क्रम कसा लावावा?

रेघोटी

नमस्कार मंडळी. पाचवी ते सातवीच्या वर्गांना क्षेत्रफळ शिकवायचं आहे. 'बाजू गुणिले बाजू' आणि 'लांबी गुणिले रुंदी' सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाजू 7 सेमी म्हटलं की 49 चौसेमी हे उत्तर चुटकीसरशी येतं. प्रश्न जरा वळवला की मात्र अडतात. वहीत वारंवार दिसणाऱ्या चुका अशा:

चौकटींच्या कागदावर आयत काढून दिला आणि मापं लिहिली नाहीत, तर बरीच मुलं कडेकडेच्या चौकटीच मोजतात.

परिमिती विचारली की गुणाकार, क्षेत्रफळ विचारलं की बेरीज.

समांतरभुज चौकोनाच्या लगतच्या बाजू 8 सेमी आणि 5 सेमी, 8 च्या बाजूवरची उंची 4 सेमी. उत्तर येतं 40. काही जण तिन्ही आकडे गुणून 160 लिहितात.

त्रिकोणात निम्मं करायचं राहून जातं. त्रिकोण फिरवून काढला की उंची कुठली तेच कळत नाही.

इंग्रजी एल सारखा आकार दिला तर दिसतील तेवढे आकडे गुणून टाकतात.

चौकटींचा कागद, पुठ्ठा, कात्री, सुतळी एवढं साहित्य आहे. काय आधी घ्यावं, काय नंतर, आणि कशावर जास्त वेळ द्यावा?

---

चौकटराजा

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. मुलांच्या लेखी क्षेत्रफळ म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. आकाराने किती जागा व्यापली, हा विचार त्यात नाहीच. म्हणून सूत्र थोडे दिवस बाजूला ठेवा आणि झाकण्यापासून सुरुवात करा.

1 सेमी बाजूचे पुठ्ठ्याचे तुकडे मुलांच्या बोटांत धरत नाहीत, सरकतात. 3 सेमी बाजूचे चौरस कापा आणि त्या तुकड्यालाच 'एक एकक' म्हणा. 6 तुकडे लांब आणि 4 तुकडे रुंद असा आयत कागदावर आखून द्या. मुलांनी तो पूर्ण झाकायचा आणि तुकडे मोजायचे. 24 यायला हवेत. कुणाकडे फटी राहतील, कुणाचे तुकडे एकमेकांवर चढतील. लगेच दुरुस्त करू नका. शेजारच्या गटाचं उत्तर वेगळं का आलं ते विचारा. फट राहिली की तुकडे कमी बसतात, चढवले की जास्त लागतात, हे त्यांनीच सांगितलं पाहिजे.

आता खरी पायरी. तोच आयत, पण गटाला फक्त 9 तुकडे द्या. एक पूर्ण आडवी ओळ (6) आणि त्याच कोपऱ्यातून एक पूर्ण उभी ओळ एवढंच त्यात होतं. कोपऱ्यातला तुकडा दोन्ही ओळींत आहे, म्हणून 10 नाही, 9 लागतात. आता विचारायचं: पूर्ण आयत झाकायला किती लागतील? इथे तीन प्रकारची उत्तरं येतात. 9 म्हणणारं मूल समोर दिसतं तेवढंच मोजतंय. 10 म्हणणाऱ्याने दोन्ही कडा मोजून बेरीज केली आणि कोपरा दोनदा धरला. 24 म्हणणाऱ्याला ओळी दिसल्या. 'एका ओळीत 6, अशा 4 ओळी' हे वाक्य प्रत्येकाकडून याच शब्दांत वदवून घ्या. पुढचं सगळं यावर उभं आहे, त्यामुळे एक पूर्ण तास इथे गेला तरी चालेल.

त्यानंतर तुकडे काढून घ्या. रिकामा आयत द्या, कडांवर फक्त 6 आणि 4 भागांच्या खुणा. मुलांनी रेघा मारून चौकटी पाडायच्या. ज्यांना ओळींची रचना उमगलेली नाही ती मुलं एकेक चौकट सुटी काढत जातात, खालच्या ओळीतल्या चौकटी बारीक होतात आणि वरच्यांशी जुळत नाहीत. त्यांना या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग रेघ ओढायला सांगा. सगळ्यात शेवटी नुसती मापं. आता 'लांबी गुणिले रुंदी' म्हणजे 'ओळीतल्या चौकटी गुणिले ओळी', एवढाच त्याचा अर्थ उरतो.

कडेच्या चौकटी मोजण्याबद्दल: 6 बाय 4 च्या आयतात कडेने 16 चौकटी असतात. परिमिती आहे 20 एकक आणि क्षेत्रफळ 24 चौरस एकक. म्हणजे 16 हा आकडा ना परिमिती, ना क्षेत्रफळ. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा. परिमिती मोजताना बोट रेघेवरून फिरायला हवं, क्षेत्रफळ मोजताना चौकटीच्या आत टेकायला हवं.

उदाहरणांतले आकडेही जपून निवडा. 4 सेमीच्या चौरसाची परिमिती 16 सेमी आणि क्षेत्रफळही 16 चौसेमी. 6 बाय 3 च्या आयतात दोन्हीकडे 18. पूर्ण संख्यांच्या बाजूंचे असे हे दोनच आयत आहेत, आणि सुरुवातीला हेच घेतले तर ज्याचा घोळ आहे त्याचं उत्तर बरोबर येऊन घोळ झाकला जातो. बाजू 2 चंही तेच. 2 × 2 आणि 2 + 2 दोन्ही 4, मग 'वर्ग म्हणजे दुप्पट' असं डोक्यात बसतं. 5 चा चौरस घ्या (20 आणि 25), 7 बाय 4 चा आयत घ्या (22 आणि 28).

परिमिती आणि क्षेत्रफळ वेगळं करायला सुतळी पुरते. साधारण 30 सेमी सुतळी घेऊन गाठ मारल्यावर बरोबर 24 सेमीचा फास होईल असं बघा. चौकटींच्या कागदावर तिचे आयत करा: 11 बाय 1 मध्ये 11 चौसेमी, 10 बाय 2 मध्ये 20, मग 27, 32, 35 आणि 6 बाय 6 मध्ये 36. सुतळी तीच, जागा तिपटीहून जास्त वाढली. दुसऱ्या दिवशी उलट करा. 36 चौकटींचे आयत बनवा: 36 बाय 1 ची परिमिती 74, 18 बाय 2 ची 40, 12 बाय 3 ची 30, 9 बाय 4 ची 26, 6 बाय 6 ची 24. दोन्ही बाजूंनी करून घेतलं तरच एकाचा आकडा कळला म्हणून दुसऱ्याचा कळत नाही, हे पक्कं होतं.

---

गुण्या

चौकटराजांशी सहमत. मी समांतरभुज चौकोन आणि त्रिकोणाबद्दल लिहितो, कारण तिथे अडचण क्षेत्रफळाची कमी आणि उंचीची जास्त असते.

तुमचेच आकडे घ्या. 1 सेमी चौकटींच्या कागदावर खालची बाजू 8 चौकटी, वरची बाजू 4 चौकटी वर आणि 3 चौकटी उजवीकडे सरकवून 8 चौकटी. तिरकी बाजू मोजली तर बरोबर 5 सेमी भरते. आता डावीकडच्या वरच्या टोकातून सरळ खाली रेघ मारा, तिथे 3, 4, 5 बाजूंचा काटकोन त्रिकोण सुटतो. तो कापून उजव्या टोकाला लावा. 8 बाय 4 चा आयत झाला, क्षेत्रफळ 32. परिमिती विचारायला विसरू नका: आधी 26 होती, आता 24. दोन्हीकडची 5 ची तिरकी बाजू जाऊन तिथे 4 ची उभी आली. कापल्या-जोडल्याने क्षेत्रफळ टिकलं, परिमिती टिकली नाही.

40 हे उत्तर मोडायला कापणं पुरत नाही, त्याला पट्ट्यांची चौकट लागते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, भोकापासून भोकापर्यंत दोन 8 सेमी आणि दोन 5 सेमी, कोपऱ्यांना टाचणी किंवा जोडखिळा, सांधे फिरायला हवेत. काटकोनात उभी केली तर 40. हळूहळू दाबा. उंची 4 झाली की 32, 3 झाली की 24, 1 झाली की 8, पूर्ण दाबली की काहीच नाही. बाजू तर 8 आणि 5 च आहेत. 8 × 5 हेच उत्तर असतं तर चपट्या चौकटीचंही 40 यायला हवं होतं. हे डोळ्यांसमोर घडलं की 40 लिहिणारे खूप कमी होतात.

160 लिहिणाऱ्यांना प्रत्येक आकारात एकच प्रश्न विचारायची सवय लावा: यातल्या कुठल्या दोन लांब्या एकमेकींना काटकोनात आहेत? 8 आणि 5 नाहीत, 8 आणि 4 आहेत. गुणाकार त्यांचाच.

उंची काढायला गुण्या हातात द्या. गुण्याची काटकोनाजवळची एक कड पायावर ठेवायची आणि दुसरी कड समोरच्या शिरोबिंदूला टेकेपर्यंत सरकवत न्यायची. पाया नेहमी तळाशी असतो हा समज मोडायला 13, 14, 15 सेमी बाजूंचा त्रिकोण काढायला लावा. वहीच्या पानावर तो मावतो. तिन्ही बाजू पाया धरून उंच्या मोजायच्या: 14 वर 12 सेमी, 15 वर 11.2 सेमी, 13 वर साधारण 12.9 सेमी. गुणाकार प्रत्येक वेळी 168 च्या आसपास, निम्मे 84 चौसेमी. मोजताना एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडला तर गुणाकारात दीड-दोनाचा फरक दिसेल, तो चालवून घ्या आणि का पडला ते बोला.

निम्म्याबद्दल: त्रिकोणाच्या दोन सारख्या प्रती कापून एक अर्धा फेरा फिरवून जोडली की समांतरभुज चौकोन होतो. सुरुवातीला अपूर्णांक घातलेलं सूत्र देऊच नका. आधी 'जोडीचं क्षेत्रफळ' अशी ओळ लिहायची, मग 'एकाचं' अशी दुसरी ओळ. निम्मं करायचं राहत नाही. शिवाय आणखी एक चूक टळते: पाया 8, उंची 6 असताना काही मुलं दोन्ही निम्मे करून 4 × 3 = 12 लिहितात, पाहिजे 24.

---

उजळणी

वरचं सगळं पटतं, फक्त एक सावधगिरी. चौकटी मोजण्यावर महिनाभर रेंगाळू नका. मोजायला सोपं म्हणून मुलं 12 बाय 9 च्या आयतातही एकेक चौकट टिंबं देत मोजत बसतात. ओळींचं वाक्य जमलं की मुद्दाम मोठी मापं द्या, 45 बाय 20 वगैरे, म्हणजे गुणाकाराची गरज आपोआप वाटते.

आणि एककं. '1 मी = 100 सेमी, म्हणून 1 चौमी = 100 चौसेमी' ही चूक सातवीतही टिकून असते. 10 सेमी बाजूचा एक पुठ्ठा हातात द्या, त्यात 100 चौसेमी आहेत हे चौकटींवर दाखवा. मग जमिनीवर खडूने 1 मीटरचा चौरस आखा. असे पुठ्ठे एका ओळीत 10, अशा 10 ओळी, म्हणजे 100 पुठ्ठे आणि 10,000 चौसेमी. लांबी 2 मी आणि रुंदी 50 सेमी असलेलं एक उदाहरण लगेच जोडून द्या. 100 लिहिणारे निघतात. 200 × 50 = 10,000 चौसेमी, म्हणजे बरोबर 1 चौमी.

मोजपट्टीचंही बघा. कडेपासून की शून्यापासून की 1 पासून मोजतात ते तपासा. ठिपक्यांच्या कागदावर तर ठिपके मोजण्याची चूक हमखास होते: एका रेघेत 5 ठिपके असतील तर लांबी 4 एकक, 5 नाही.

---

रेघोटी

मनापासून आभार. 9 तुकड्यांची युक्ती आणि पट्ट्यांची चौकट उद्यापासूनच घेते. @गुण्या, विशालकोन त्रिकोणात उंची बाहेर पडते तिथे काय करायचं? 'बाहेरची जागा त्रिकोणाची नाही, मग तिथली उंची का घ्यायची' हा मुलांचा प्रश्न रास्त वाटतो. आणि एल आकाराबद्दल, तसंच समलंब चौकोनाबद्दलही कुणी लिहाल का?

---

गुण्या

प्रश्न रास्तच आहे आणि त्याचं उत्तर वजाबाकीने देता येतं. चौकटींच्या कागदावर पाया 4 चौकटी घ्या. वरचा शिरोबिंदू 5 चौकटी उंचीवर, पण पायाच्या उजव्या टोकाच्याही 3 चौकटी पुढे. पाया तुटक रेघेने 3 चौकटी वाढवा आणि शिरोबिंदूतून लंब टाका. आता एक मोठा काटकोन त्रिकोण दिसतो, पाया 7, उंची 5, क्षेत्रफळ 17.5. त्यातला बाहेरचा छोटा काटकोन त्रिकोण, पाया 3, उंची 5, क्षेत्रफळ 7.5. वजा करा: 10. आणि 4 × 5 चे निम्मेही 10. बाहेरची जागा आपण धरलीच नाही, ती वजा झाली. उंची म्हणजे शिरोबिंदू पायाच्या रेघेपासून किती दूर आहे ते अंतर, मग लंब पायावर पडो की वाढवलेल्या रेघेवर.

घडी घालूनही दाखवता येतं. सगळ्यात लांब बाजू खाली ठेवा. वरचं टोक पायावरच्या लंबाच्या पायथ्याशी येईल अशी घडी घाला, मग डावं आणि उजवं टोकही त्याच बिंदूवर आणा. दुहेरी कागदाचा आयत तयार होतो, पाया निम्मा, उंची निम्मी, थर दोन. लांब बाजू खाली नसेल आणि त्रिकोण विशालकोनी असेल तर घडी बसत नाही, म्हणून आधी कागद फिरवून घ्या.

समलंब चौकोन लांबवू नका. कर्ण काढा, दोन त्रिकोण झाले. समांतर बाजू 9 आणि 5, उंची 4 असेल तर 18 आणि 10, एकूण 28. दोन्ही त्रिकोणांची उंची तीच, हे मुलांनी ओळखलं की समांतर बाजूंची बेरीज सूत्रात कुठून आली ते कळतं.

---

तुकडेजोड

एल आकारावर. बाहेरून 10 बाय 8 चा आयत, उजव्या वरच्या कोपऱ्यातून 4 रुंद आणि 3 उंच भाग काढलेला. हा आकार वर्गाला द्या आणि किमान दोन पद्धतींनी सोडवायची अट घाला.

आडवा कापला तर खाली 10 × 5 = 50, वर 6 × 3 = 18. उभा कापला तर 6 × 8 = 48 आणि 4 × 5 = 20. पूर्ण आयतातून कोपरा वजा केला तर 80 − 12. तिन्हीकडे 68.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली, 10 × 5 आणि 6 × 8 अशी बेरीज करून 98 काढतात. यात 6 × 5 = 30 चा भाग दोनदा आला. भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवायला लावा, एका जागेवर दोन रंग आले की चूक दिसते. दुसरी, आतल्या बाजूंची मापं दिलेली नसतात आणि मुलं ती शोधत नाहीत. नियम असा ठेवा: गुणाकाराआधी सगळ्या सहा कडांवर माप लिहून झालं पाहिजे. 10 − 4 = 6, 8 − 3 = 5. एवढं लिहिलं की आकडे उगाच गुणणं जवळपास बंद होतं.

याच आकाराची परिमितीही विचारा. 36 येते, म्हणजे पूर्ण आयताएवढीच, क्षेत्रफळ मात्र 12 ने कमी. वर्गात यावर वाद होतो आणि तो होऊ द्यावा.

वाकडेतिकडे आकार, म्हणजे पान किंवा हाताचा ठसा, यांना पूर्ण चौकट 1, बरोबर अर्धी असेल तर अर्धा, अर्ध्याहून जास्त असेल तर 1, अर्ध्याहून कमी असेल तर 0 हा नेहमीचा नियम ठीक आहे. पण आधी दोन आकडे काढून घ्या: फक्त पूर्ण चौकटी किती, आणि जराही स्पर्श झालेल्या सगळ्या मिळून किती. खरं क्षेत्रफळ या दोघांच्या मधे कुठेतरी असणारच. मग तोच ठसा 5 मिमी चौकटींवर मोजा (प्रत्येक चौकट 0.25 चौसेमी). दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतं. ठशाभोवती दोरा फिरवून त्याचा चौरस करून मोजण्याचा मोह मुलांना होतो, तो चूक का ते सुतळीच्या प्रयोगावरून त्यांनाच सांगू द्या.

मोठ्या मुलांना ठिपक्यांच्या कागदावर गणितज्ञ पिक यांचं 1899 चं सूत्रही देता येईल. कोपरे ठिपक्यांवरच असलेल्या आणि स्वतःला न छेदणाऱ्या बहुभुजाकृतीचं क्षेत्रफळ = आतले ठिपके + कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे − 1. वरच्या एल आकारात आत 51 आणि कडेवर 36 ठिपके येतात, 51 + 18 − 1 = 68. पडताळा म्हणून छान, शिकवण्याची सुरुवात म्हणून नको.

---

चौकटराजा

कापून-जोडून दाखवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 8 बाय 8 चा चौरस चार तुकड्यांत कापून 13 बाय 5 चा आयत 'तयार' करण्याचं जुनं कोडं आहे. 64 चे 65 होतात. तुकडे नुसत्या डोळ्यांना चपखल बसलेले दिसतात, पण कर्णाच्या दोन भागांचे चढ वेगळे आहेत. एक दर 5 ला 2 चढतो, दुसरा दर 8 ला 3. म्हणजे 0.4 आणि 0.375. मधे एक लांबट, अगदी बारीक फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर 1. म्हणून समांतरभुज चौकोन कापल्यावर 'जुळलं' एवढ्यावर थांबू नका. कडा का जुळल्या ते विचारा: समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि समांतर, म्हणून तिरकी कड तिरक्या कडेवर तंतोतंत बसते.

समजलं की नाही हे तपासायला दोन प्रश्न पुरतात. पहिला: 12 चौसेमी क्षेत्रफळाचे तीन आकार काढा, त्यातला एकच आयत असावा. ज्याला फक्त सूत्र येतं तो 6 बाय 2, 4 बाय 3, 12 बाय 1 काढून देतो. दुसरा: चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट? दुप्पट म्हणणाऱ्याला 3 चा आणि 6 चा चौरस चौकटींवर काढायला लावा. लहान चौरस मोठ्यात चार वेळा बसवून दाखवला की मग बाजू तिप्पट केल्यावर काय होईल ते न काढता सांगायला सांगा.